बेसाच्या रस्त्यावर बसलेल्या बायका

नागपूर मला पहिल्यांदा दिसलं ते धुक्यातून. कुडाळहून निघून, ठाण्याला गाडी बदलून, अंग आंबून गेल्यावर सकाळी गाडी एकदाची स्टेशनात शिरली, तर फलाटावरची माणसं नुसत्या शाली आणि कानटोप्या होऊन हिंडत होती. आम्हा कोकणातल्या माणसांना थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढून घेण्यापुरती माहीत. इथे माझे दात वाजायला लागले. त्या शालींतली एक शाल माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "काहून गं इतकी वाळली?" काहून म्हणजे का. ही माझी कुंदा.

कुंदा आणि मी कोल्हापूरला कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ती मूळची राजापूरची. लग्न होऊन नागपूरला आली, तिथल्या सक्करदरा भागातल्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. तेव्हापासून ये ये म्हणत होती. माझी पोस्टातली नोकरी संपली, पायात अजून जोर आहे, म्हटलं जाऊन येऊ. डोक्यात होते ते तलाव, संत्र्याच्या बागा आणि जमलं तर एखादा वाघ. वाघ दिसला नाही. जे दिसलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

कुंदाचं कुटुंब आता बेसाला राहायला गेलं आहे. बेसा म्हणजे शहराचं दक्षिणेकडचं टोक. कुंदाचे यजमान भाऊरावजी गाडी चालवताना सांगत होते की थोड्या वर्षांपूर्वी इथे तुरीची शेतं होती. आता तिथे उंचच उंच इमारती आणि त्यांच्यामध्ये चुकून राहिलेली एखादी तूर. इमारतींच्या संकुलाला इथे स्कीम म्हणतात. कुंदाची स्कीम चांगलीच ऐसपैस आहे. फाटक, चौकीदार, फुलझाडं, आणि पाचव्या मजल्यावर तिचं घर. बाल्कनीतून लांबवर गव्हाची हिरवी पट्टी दिसते.

पहिले दोन दिवस खाण्यात गेले. सकाळी तर्रीपोहे, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भाऊरावजींना फार आनंद झाला. मग सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला आधी ठाऊक नव्हतं. भाजीवाल्याने सांबार घ्या म्हटलं तेव्हा मी त्याला सांगितलं की आमच्याकडे डाळ शिजवलेली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच फिरायला गेले. येताना रस्त्याकडेच्या गाडीवरून संत्री घेतली. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. लिफ्टपाशी उभी राहिले तर चौकीदार आला आणि त्याने मला शांतपणे जिन्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं लिफ्ट बिघडली. त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. घरकामासाठी येणाऱ्यांनी जिना वापरावा, असं तिथे छान अक्षरात लिहिलं होतं. मी पाहुणी आहे हे सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागून दोघी बायका आल्या आणि काही न बोलता जिना चढू लागल्या. का कोण जाणे, मीही त्यांच्यामागून निघाले.

पुढे होती ती वनिता. कुंदाकडे धुणंभांडी करणारी, काटक, चाळिशी ओलांडलेली. तिच्यामागे तिची धाकटी जाऊ पूजा, विशीतली पोर, सहाव्या मजल्यावर दोन घरी काम करणारी. पूजाला सातवा महिना होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. तिने ओठ ओले केले आणि परत केली. मी म्हटलं, अगं पी की नीट. ती लाजून हसली. उत्तर वनिताने दिलं. पाणी प्यायलं की जायला लागतं, आणि जायचं कुठे? हिच्या दोन्ही घरांत कामवालीने संडास वापरलेला चालत नाही. खाली चौकीदारांचा आहे तो गड्यांचा. म्हणून सकाळी घरून निघताना चहा नाही, पाणी नाही. दुपारी घरी पोहोचलं की एकदम तांब्याभर.

"आन हे रोज?" मी विचारलं. दोन दिवसांत माझ्याही तोंडात आन आलं होतं.

"रोजच न ताई," वनिता म्हणाली. "सवय होऊन जाते."

वर आल्यावर मी कुंदाला विचारलं. तिचा चेहरा उतरला. आपल्या घरी वनिताला मोकळीक आहे, असं ती म्हणाली. पण वनिता तिच्याकडे येते ती सगळ्यात शेवटी, आणि लिफ्टचा नियम स्कीमच्या कमिटीचा. मी ताणलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, आम्ही संत्र्याची बाग पाहायला निघायच्या तयारीत होतो, तेव्हा जिन्यातून हाका ऐकू आल्या. पूजा चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांवर आडवी झाली होती. कपाळावर घाम, दोन्ही हात पोटावर. वनिता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भाऊरावजींनी गाडी काढली. बागेऐवजी आम्ही धंतोलीला पोहोचलो.

धंतोली ही वस्ती नव्हे, दवाखान्यांचं रान आहे. एका भिंतीला लागून दुसरा दवाखाना, मधल्या बोळात औषधांची दुकानं, आणि फुटपाथवर यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीकडून आलेली कुटुंबं वळकट्या आणि डबे घेऊन बसलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पूजाला आत घेतलं आणि बराच वेळ दार बंद राहिलं. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं की ही दिवसाला पाणी किती पिते. पूजाच्या वतीने वनिताने सगळं सांगितलं, घरं, जिना, फाटक, सगळं. ऐकताना डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. शरीरातलं पाणी पार कमी झालं होतं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता आणि त्यामुळे कळा वेळेआधीच सुरू झाल्या होत्या. थांबवायचा प्रयत्न करू, एवढंच त्या म्हणाल्या.

तो दिवस आम्ही लाकडी बाकावर काढला. संध्याकाळी नर्स येऊन म्हणाली की कळा थांबल्या आहेत आणि बाळाचे ठोके चांगले आहेत. वनिताने पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते म्हणून कळलं की ती रडते आहे.

त्याच वेळी कुंदाच्या फोनवर स्कीमच्या ग्रुपमधला निरोप आला. सेक्रेटरींनी लिहिलं होतं. हे एक निवृत्त अधिकारी, वागायला सौम्य. झालेल्या प्रकाराबद्दल त्यांना खेद वाटत होता, आणि पुन्हा असा धोका नको म्हणून यापुढे स्कीममधल्या कोणीही गरोदर बाईला कामावर ठेवू नये, असं कमिटीने ठरवलं होतं. पूजाची घरं अर्थातच गेली. खाली कितीतरी जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

कुंदाने तो निरोप वनिताला वाचून दाखवला. मला वाटलं दाखवू नये. पण तिने सावकाश, शब्दन् शब्द वाचला. वनिताने पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "उद्या दुपारी सक्करदऱ्याले या काकू. आमच्या बाया बसतीन तिथं."

कुंदा गेली नाही. मी गेले.

सक्करदऱ्याच्या तलावापासून थोडं आत एक मोकळी जागा आहे. तिथे दुपारच्या उन्हात बायका जमल्या होत्या. बेसाच्या निरनिराळ्या स्कीममध्ये काम करणाऱ्या, काही कामावरून थेट आलेल्या, साडीचा ओला काठ तसाच. मला एकीने सरकून जागा दिली. कोणी कुठली ताई म्हणून विचारलं, कोकणातली म्हटल्यावर मासे खाता का म्हणून विचारलं, आणि मग सगळ्या गप्प झाल्या, कारण वनिता उभी राहिली होती.

ती भाषण करणारी बाई नव्हे. तिने पूजाचं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि फोनवरचा निरोप पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. मग म्हणाली की उद्या कामावर जायचं नाही, फाटकाबाहेर बसायचं. लगेच कुजबुज सुरू झाली. एकीचा नवरा आजारी, एकीला नुकतंच कामाचं घर मिळालेलं. आपण बसलो तर दुसऱ्या बाया आणतील, हे भय प्रत्येकीच्या तोंडी. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला वाटलं, हे इथेच विझणार.

तेव्हा कडेला बसलेल्या इंदिराबाई बोलू लागल्या. म्हाताऱ्याच म्हणायला हव्यात, पण अजून तीन घरं करतात. त्या उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या, आणि आवाज इतका बारीक की सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं.

"माह्या तिन्ही लेकरांच्या वेळी मी असंच केलं," त्या म्हणाल्या. "पाणी नाई पेलो. एक लेकरू गेलं. मले वाटलं माह्यातच काही कमी आहे. इतके वर्स मले तसंच वाटत होतं."

इकडे बायकाही स्वतःबद्दल मी आलो, मी गेलो असंच बोलतात. त्या दुपारी ते पेलो ऐकताना मला ते वेगळं वाटलंच नाही. शेजारच्या बाईने इंदिराबाईंचा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. मग वनिता खाली बसली, त्यांच्यासमोर, आणि हळूच म्हणाली, "पोटात लेकरू आहे म्हणून काम काढून घेतीन, तर मंग बाई असनं हाच गुन्हा झाला न."

मत घेतलं नाही, हात वर केले नाहीत. बायका एकेक करून उठल्या आणि आपापल्या गल्लीत सांगायला गेल्या.

त्या संध्याकाळी कुंदाच्या घरी जेवणाला चव नव्हती. भाऊरावजींनी कमिटीतल्या कोणाशी तरी फोनवर बोलून पाहिलं होतं, पण उपयोग झाला नव्हता. मी सकाळी बायकांबरोबर चालत येणार असं सांगितलं, तेव्हा कुंदा ताटाकडे बघत म्हणाली, "तू पाहुणी आहेस, तू जा. मले इथंच राहाचं आहे रोज." तिचं बरोबर होतं. मला झोप लागली नाही.

सकाळी ऑटोने सक्करदऱ्याला पोहोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की तलाव दिसत नव्हता. वीस-तीस जणी असतील असा माझा अंदाज. रोज या बायका शेअर ऑटोने किंवा सायकलीने बेसाला जातात. आज चालायचं ठरलं होतं. आम्ही मानेवाड्याच्या रस्त्याला लागलो. पुढची वनिताची पाठ तेवढी दिसत होती. कोणी घोषणा देत नव्हतं. चपलांचा आणि बांगड्यांचा आवाज तेवढा.

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी धुक्यात काही आकृत्या उभ्या असायच्या. आम्ही जवळ गेलो की त्या स्वेटर आणि स्कार्फ घातलेल्या बायका व्हायच्या आणि न बोलता आमच्यात मिसळायच्या. पुढच्या गल्लीशी पुन्हा. त्याच्या पुढच्या गल्लीशी पुन्हा. एकीच्या कडेवर मूल होतं, एक काठी टेकत होती. इंदिराबाई दोघींच्या मधे चालत होत्या. धुकं विरळ झालं, पिवळं ऊन पडलं, आणि मी सहज मागे वळून पाहिलं. मागे रस्ता नव्हताच. नजर जाईल तिथवर बायका होत्या. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. समुद्र मी जन्मापासून पाहते आहे. भरती येताना किनाऱ्यावर उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते आणि आपण किती लहान आहोत ते कळतं. तसंच मला त्या रस्त्यावर झालं. शेजारच्या बाईने काहून थांबल्या म्हणून विचारलं. मी काही नाही म्हटलं आणि चालू लागले.

बेसाला आल्यावर त्या आपापल्या स्कीमच्या फाटकांपुढे वाटल्या गेल्या आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसल्या. शाळेची बस आली तेव्हा उठून वाट दिली, मुलं चढली, पुन्हा बसल्या. ज्या मुलांना त्या रोज डबा भरून देतात त्यांतली काही खिडकीतून हात हलवत होती. पोलिसांची गाडी आली. एक महिला शिपाई उतरली, रस्ता अडवला नाही ना ते पाहिलं, आणि काठी काखेत धरून बाजूला उभी राहिली. बाल्कन्यांमधून माणसं खाली बघत होती. कोणी फोनवर चित्रण करत होतं, कोणी आत निघून गेलं.

दहाच्या सुमारास सेक्रेटरी फाटकाबाहेर आले. आवाज न चढवता म्हणाले की हा नियम तुमच्याच भल्यासाठी आहे, आणि तुम्हाला पटत नसेल तर उद्यापासून दुसऱ्या बाया येतील.

वनिता उभी राहिली. तिने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, त्यांनाही बघू दिलं.

"त्या दुसऱ्या बाया इथंच बसून आहेत साहेब," ती म्हणाली.

सेक्रेटरी आत वळले. त्यांना वाट देत कुंदा बाहेर आली. घरातलीच साडी, वर तीच स्टेशनवरची शाल. बायकांनी सरकून जागा केली आणि ती वनिताच्या शेजारी डांबरावर बसली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत आहे, बसताना ओठ दाबले तेही मी पाहिलं. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण मुलगी ऑफिसला जायच्या कपड्यांत येऊन बसली. मग एक सासू-सून. सगळी स्कीम काही रिकामी झाली नाही. मोजक्याच आल्या. पण बाल्कनीतल्या लोकांना आता खाली बघणं कठीण जात होतं, असं मला वाटलं.

दुपारी कमिटीने वनिता, इंदिराबाई आणि आणखी दोघींना आत बोलावलं. कुंदा त्यांच्याबरोबर गेली. आम्ही बाहेर ऊन खात बसलो. कोणीतरी घरून भाकर आणि पिठलं आणलं होतं, हातावर तुकडा घेऊन सगळ्यांनी खाल्लं. त्या आल्या तेव्हा वनिताच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. तिने खाली बसून आधी पाणी मागितलं, घटाघटा प्यायली, मग सांगितलं. गरोदर बाईला काढायचा ठराव मागे घेतला होता. पूजाला बाळंतपणानंतर तिची घरं परत मिळणार होती. लिफ्टशेजारची पाटी चौकीदार त्याच वेळी स्क्रूड्रायव्हरने काढत होता. बायकांसाठी वेगळा संडास बांधायचं कबूल झालं होतं, आणि तोवर तळमजल्यावरच्या कमिटीच्या खोलीतला उघडा राहणार होता. बायकांनी आठवड्याची सुट्टीही मागितली होती, ते मात्र ज्याने त्याने आपलं ठरवावं, असं कमिटी म्हणाली. बाकीच्या स्कीमची उत्तरं दोन-तीन दिवसांत येत राहिली. कुठे मान्य, कुठे अर्धं, एका ठिकाणी साफ नकार.

फुकट काही मिळालं नाही. वनिताची दोन घरं सुटली. कारण कोणी दिलं नाही, नुसतं उद्यापासून नको म्हणाले. कुंदाशी शेजारच्या बाई अजून बोलत नाहीत. हे सगळं मी निघायच्या आधी पाहून आले.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही धंतोलीला पूजाला भेटलो. तिला घरी सोडणार होते. ती खाटेवर बसून संत्रं सोलत होती आणि सालीचा वास सगळ्या वॉर्डभर पसरला होता. तिने मला अर्धं दिलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवताना पोटातलं बाळ हललं, ते मला तळव्याखाली नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते. बाहेर कपाशीची रानं सरकत होती. प्रवासात मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत, धबधबे पाहिले आहेत, एकदा बर्फही पाहिला. ते पाहिल्यावर माणूस आ करतो आणि मग चहा पितो. बेसाच्या रस्त्यावर जे पाहिलं त्याचं मला अजून काय करावं ते कळत नाही. घाबरलेल्या बायका होत्या त्या. शेवटपर्यंत घाबरलेल्याच होत्या. तरी धुक्यातून चालत आल्या.

कुडाळला आल्यावर सगळ्यांनी वाघाचं विचारलं. मी हे सांगायला लागले की काही जणी ऐकतात, काही संत्र्याच्या बर्फीकडे हात करतात. शिमग्याच्या थोडं आधी कुंदाचा फोन आला की पूजाला मुलगी झाली, वजन चांगलं आहे. आणि त्याच आठवड्यात वनिताचाही आला, पहिल्यांदाच. नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या घरकामाच्या बायकांनी तिला बोलावलं होतं. तिथे तिने चार शब्द बोलायचे होते. दोन दिवस तिला जेवण जात नव्हतं. भाषण सुरू कसं करतात, तुम्ही सरकारी नोकरीत होत्या, तुम्हाला ठाऊक असेल, असं ती म्हणाली.

मी तिला माझ्या परीने सांगितलं. आधी मंचावर बसलेल्या मान्यवरांची नावं घेऊन नमस्कार करायचा, मग समोर बसलेल्यांना करायचा, मग विषयाला हात घालायचा.



"मंच कुठं राहते वं ताई," वनिता म्हणाली. "आमी साऱ्या खालीच बसतो."